टेकू न लावलेली भिंत
समोरच्या घराची जुनी भिंत आज सकाळी पाडायला घेतली आणि सुटलेल्या मातीचा कुबट वास घरात आला, तेव्हा मला थेरगावचं आमचं घर आठवलं. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. कारखान्यांमुळे वस्ती वाढत होती, म्हणून थोरल्या दिरांनी रस्त्याकडची दगडमातीची भिंत फोडून दुकानासाठी रुंद दार काढायचं ठरवलं. गवंडी गावातलाच, वयस्कर. भिंतीवरून हात फिरवत तो म्हणाला, "वरची तुळई हिच्यावरच हाय. आधी टेकू लावू, मग फोडू. उद्या लाकूड आणतो." दीर म्हणाले, "उद्यापासून माझी पहिली शिफ्ट हाय. आजच उरका, काय होत न्हाई." मी चहा घेऊन दारातच उभी होते. गवंड्यानं पहार उचलली. दुपारी दगड सुटले आणि तुळईसकट माळवद त्याच्या अंगावर आलं. दिरांनी नखं फुटेस्तोवर माती उपसली, पण तो हाती लागला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. तेराव्यानंतर त्याची बायको अवजारं न्यायला आली. ती पोत्यात भरून झाल्यावर तिनं विचारलं, "टेकू लावायचं त्यांनी सांगितलं न्हवतं का?" दीर खाली बघत म्हणाले, "न्हाई." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. नवऱ्याचीच चूक झाली असं समजून ती पोतं उचलून गेली. दीर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिचं घर आमच्यापासून दोन आळ्या पलीकडे होतं, आणि खरं सांगायला मी कधीच गेले नाही.