टिनाच्या दारातला करंट

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या यजमानांनी घरी बॅटरीचा चार्जर आणला. अड्याळ ते पवनी त्यांची जीप सवाऱ्या न्यायची. बॅटरी उतरली की ती बसवर चढवून भंडाऱ्याला पाठवायची आणि ती परत येईपर्यंत जीप दारात उभी. आता चार्जिंग घरीच होणार म्हणून हे खुशीत होते.

सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "घरात हे तेजाबाचं डबडं कायले पायजे?"

"राहू द्या ना मामीजी, रोजची कटकट वाचते," मी सासूबाईंना म्हणाले.

न्हाणीजवळच्या टिनाच्या दाराला टेकवून यांनी चार्जर ठेवला, वायरही स्वतःच ओढली. वायरमननं अर्थिंगसाठी खड्डा खोदायला सांगितलं होतं. धान कापून होऊ दे, मग पाहू, म्हणत यांनी ते टाळलं.

एका दुपारी ओल्या हातानं ते दार लोटलं आणि मुंग्या डसल्यासारखं झालं. मी लगेच ओळखलं, दारात करंट उतरला होता. पण बोलले असते तर सासूबाईंनी चार्जर उचलून बाहेर फेकला असता, आणि मी तर यांची बाजू घेतलेली. मी गप्प राहिले. दार पदरानं लोटू लागले.

चार दिवसांनी सासूबाई न्हाऊन ओलेत्यानं बाहेर आल्या आणि त्यांनी दाराची कडी धरली. आवाज अर्धाच निघाला. मी धावले, तशी शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, "हात नको लावू वो! आधी बटन बंद कर!"

बटन बंद केलं तेव्हा त्या कोसळल्या. जीव वाचला, पण तळहात भाजला आणि दोन बोटं कायमची आखडली.

यांनी त्याच संध्याकाळी अर्थिंगचा खड्डा खोदला, कोळसा-मीठ भरलं. "दारात करंट येऊन राहिला होता, मले माहीतच नव्हतं," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते.

महिनाभर मी सासूबाईंना भरवत होते. एकदा घास हातातच धरून मी सांगून टाकलं, "मले चार दिवस आधीच झटका लागला होता."

त्यांनी विचारलं, "मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही चार्जर फेकला असता."

"फेकलाच असता," त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून घेतलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

आपल्या मुलाला मात्र त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. मीही नाही.