गुंडू मास्तरचा टूटू

गुंडू मास्तर कुडाळकडचा. बहरीनला मनामाच्या बाजारामागच्या गल्लीत त्याचं शिलाईचं मशीन होतं, आणि हाताला एक खोड होती. लहान मुलांचा कपडा तो कधी नेमक्या मापाला शिवत नसे. वाढतं अंग आहे, असं म्हणून दोन बोटं सैल ठेवायचा. त्याची मुलगी रंभा पाळण्यात असताना तो बहरीनला आला. तिचे फ्रॉक तो अंदाजाने शिवी आणि गावी जाणाऱ्या माणसाबरोबर धाडी. रजेवर जाताना तयार फ्रॉक न्यायचा, टेप कधी नेला नाही. अंदाज चुकलाच तर मोठ्या बाजूने चुकावा, एवढंच त्याचं शास्त्र.

सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यात झिंज वस्तीतल्या सुरेखाबाई दुकानात आल्या. नवरा बँकेत, माहेर पुण्याचं. त्यांची नऊ वर्षांची लीना एका इंग्रज बाईकडे बॅले शिकत होती. शुक्रवारी क्लबात कार्यक्रम, त्यात लीनाचा एकटीचा नाच. वर्गात हिंदुस्थानी पोर ती एकच, आणि एकटीचा नाच मिळाला तिलाच. पण लंडनहून मागवलेला तिचा टूटू, म्हणजे नाचाचा जाळीदार झगा, मीना सलमान बंदराच्या गोदीत कुठल्यातरी खोक्यात अडकून पडला होता. पोशाख नाही तर नाच नाही, असं इंग्रज बाईंनी साफ सांगितलं होतं.

बाई स्वतः एक जुना टूटू नमुना म्हणून घेऊन दुकानात आल्या. त्यांनी त्याचा सगळा इतिहास सांगितला आणि सुरेखाबाईंनी तो मराठीत केला. पूर्वी हा झगा पोटऱ्यांच्या खाली पोचायचा, जाळीचा, घंटेसारखा. मग पायांची कसरत वाढली. लोकांना पावलं बघायची होती, गुडघे बघायचे होते. झगा वर वर चढत गेला आणि शेवटी कमरेभोवती ताटासारखा आडवा झाला. गुंडू म्हणाला, म्हणजे पिढ्यान् पिढ्या शिंप्यांनी कापडच कमी केलं, मजुरी मात्र वाढवली असणार. बाई हसल्या नाहीत. वरचा भाग कातडीसारखा बसला पाहिजे, एवढं बजावून त्या गेल्या.

जाळीचं ताट गुंडूला झकास साधलं. खालचा थर आखूड, वरचा लांब, सगळे आतून सैल टाक्यांनी बांधलेले. समुद्राच्या दमट हवेत जाळी मान टाकू नये म्हणून त्याने ते पंख्याच्या हुकाला उलटं टांगलं. वरच्या भागाशी मात्र हात अडला. कातडीसारखं म्हणजे पोरीने श्वास कुठे घ्यायचा? लीनाचं माप कागदावर घेऊन आलेल्या सुरेखाबाईच म्हणाल्या, थोडं सैल असू द्या मास्तर, पुढच्या वर्षीही चालेल. मग काय, दोन बोटं राहिली. इतक्या शिकलेल्या बाईला आणि इतक्या मुरलेल्या शिंप्याला एकच गोष्ट सुचावी, याला काय म्हणायचं?

शुक्रवारी टूटू घडी न घालता न्यायचा म्हणून गुंडू तो हातात धरून सुरेखाबाईंच्या गाडीत मागे बसला. क्लबात लीनाने तो घातला आणि एक गिरकी घेतली. पोर फिरली, कपडा जागेवरच राहिला. इंग्रज बाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी सुईदोरा गुंडूपुढे धरला आणि सांगितलं, अंगावरच शिवून टाका, आम्ही नेहमी तसंच करतो. नाहीतर दुसरी मुलगी जाईल.

गुंडूने हात मागे घेतला. माणसाच्या अंगावर कपडा शिवायचा नाही, हे त्याला आईने शिकवलं होतं. बटण तुटलं तरी ती सदरा काढायला लावायची. का, ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच भीती जास्त होती. त्याने सुरेखाबाईंकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता, त्यांच्या आईनेही तेच शिकवलं असणार. काढ बाय, उसवून आवळून देतो, असं तो म्हणाला खरा, पण बाहेर लीनाच्या आधीच्या नाचाचं संगीत सुरू झालं होतं.

"टाइम मफी, काका," वेळच नाही, असं लीना तिथल्या बाजारी अरबीत म्हणाली. तिने पाठ त्याच्याकडे केली. "प्लीज."

सुरेखाबाईंनी डोळे मिटले. "शिवा मास्तर. काही झालंच तर ते माझ्या माथी."

तो गुडघ्यांवर बसला आणि पाठीच्या कडा ओढून टाके घालू लागला. पोर श्वास सोडी तेव्हाच दोरा ओढायचा, नाहीतर सुई कातडीत जाणार. बोटांखाली तिच्या पाठीचा कणा मण्यामण्याने लागत होता. नऊ वर्षांच्या मुलीची पाठ एवढीशी असते, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. रंभाही नऊच वर्षांची होती. त्याला रडू आलं आणि टाका दिसेना, म्हणून त्याने बाहीने डोळे पुसले.

लीना नाचली. लोकांनी पावलं पाहिली, गुडघे पाहिले. गुंडूने पडद्याआडून फक्त ती शिवण पाहिली. एका उडीला वरचा टाका तटकन सुटला, त्याने पडदा घट्ट धरला, पण बाकीचे टिकले. टाळ्यांतून ती धावत आत आली. त्याने एकेक टाका कातरला, शेवटचा सुटेपर्यंत.

"आता घे श्वास," तो म्हणाला. तिने घेतला, तेव्हा कुठे त्यानेही घेतला.

दुकानात रंभाचा फ्रॉक अर्धा बेतून पडला होता. तो त्याने पुरा केला नाही. न कापलेलं नवं कापड आणि टेप घेऊन तो मे महिन्यात रजेवर गेला. पडवीत रंभा त्याच्यासमोर ताठ उभी राहिली, परक्या शिंप्यापुढे राहावी तशी. टेप छातीभोवती आला तशी तिने श्वास रोखला. गुंडूने सवयीने आत दोन बोटं सरकवली.

"नको बाबा," ती म्हणाली. "सगळे फ्रॉक ढगळ होतत माका. अंगाबरोबर शिव."

"आणि वाढलंस तर?"

"तवसर तू येतलंस ना?"

गुंडूने बोटं काढून घेतली. तो फ्रॉक त्याने नेमक्या मापाला शिवला, शिवणीत वाढवायला चिमूटभरसुद्धा कापड ठेवलं नाही.