सरांनी काढलेल्या काकू

सरांच्या शेवटच्या एकोणीस चित्रांपैकी अकरा चित्रं मी खोडरबर घेऊन साफ केली. मला तसं कुणीही सांगितलं नव्हतं. दुपारी मिसळ खाऊन आलो नसतो आणि डोळ्यांवर झापड आली नसती, तर उरलेली आठसुद्धा केली असती.

हे गाढवपण केवढं मोठं आहे ते समजायला आधी सर समजायला हवेत. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात खोडरबराचा एवढा द्वेष दुसऱ्या कुणी केला नसेल. पंचवटीतल्या आमच्या शाळेत सर छत्तीस वर्षं चित्रकला शिकवत होते आणि छत्तीस वर्षं वर्गाच्या दारात श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन उभे राहत होते. आत यायचं तर खोडरबर डब्यात टाकून यायचं. पोरं मोज्यात लपवून न्यायची. पुढे सुगंधी खोडरबरांची फॅशन आली आणि सरांचं काम सोपं झालं. स्ट्रॉबेरीचा वास आला की ते त्या बाकापाशी जाऊन नुसता तळहात पसरत. त्यांचा नियम एकच होता. रेष चुकली तर तिला हात लावायचा नाही, शेजारी दुसरी काढायची. "पहिली कुठे चुकली ते दुसरीला दिसू दे," असं म्हणायचे, "म्हणजे ती जरा जपून चालेल." प्रत्येकाला त्यांनी त्याच्या खोडीप्रमाणे नाव ठेवलं होतं. खोडरबर नाही तर थुंकी लावून बोटाने पुसणारा मी, म्हणून माझं नाव पुसट्या. आज माझ्या दोन्ही पोरांची लग्नं झालीत, तरी सरांच्या घरात मी पुसट्याच आहे.

सरांचे वडील मखमलाबादला फुलं पिकवायचे. पाट्या भरून बाजारात आणायच्या आणि उरलेल्या वेळात हार बांधायच्या कागदांवर चित्रं काढायची, हे सरांचं बालपण. चित्रकलेचं शिक्षण पुरं झाल्यावर त्यांनी मुंबईत एक प्रदर्शन भरवलं. त्याची हकिकत ते फार अभिमानाने सांगायचे : "जाताना सोळा चित्रं नेली, येताना सोळाच्या सोळा परत आणली. एक हरवू दिलं नाही." नाशिकच्या इतर चित्रकारांसारखा गोदाघाट मात्र त्यांनी जन्मात काढला नाही. रामकुंडाला आता पोज देऊन बसायची सवय लागली आहे, असं त्यांचं मत होतं. आम्हाला ते एसटीने लासलगावच्या कांदा बाजारात घेऊन गेले. आम्ही खूष. ट्रॅक्टर, ट्रक, लिलावाची गर्दी, डोंगराएवढे ढीग, सगळं काढायला बसलो. सरांनी कागद काढून घेतले आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक कांदा ठेवला. महिनाभर हाच कांदा, एकाच कागदावर. तिसऱ्या आठवड्यात कांद्यांना कोंब फुटले आणि पोरं तक्रार घेऊन गेली, की सर, हा बदलला. सरांना इतकं खूष झालेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. "बदलला ना? मग बदललेला काढ. आधीचा राहू दे खाली. कालही तो होता आणि आजही आहे." मी एक हुशारी केली. कोंब खुडून टाकला, म्हणजे कांदा पुन्हा माझ्या चित्रासारखा झाला. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तरीही त्यांचा माझ्यावर जीव होता. ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला सी ग्रेड मिळाला तेव्हा परीक्षकाचं घर शोधून, भर उन्हात त्याच्या दारात उभं राहून सर त्याच्याशी भांडून आले. पोराच्या हातात रेष आहे, तुम्हाला दिसत नसेल तर तो तुमचा दोष, असं म्हणाले म्हणे. त्या एका वाक्याच्या जोरावर मी चित्रकलेची पदविका घेतली आणि तिचा पूर्ण उपयोग करून नाशिकरोडला फ्लेक्सचं दुकान टाकलं. पुढाऱ्यांना गोरं करणं, डोळ्यांखालच्या पिशव्या काढणं, हनुवट्या दोनाच्या एक करणं यावर माझं घर चालतं. सर एकदाच दुकानात आले. वाढदिवसाच्या एका फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि विचारलं, "याला याच्या आईने ओळखलं का?" चहा घेऊन गेले.

निवृत्त होताना त्यांनी खोडरबरांचा तो डबा मला दिला. म्हणाले, तुझेच जास्त असतील यात.

त्यानंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी कडेकडेने खात आणली. समोर एक भोक उरलं, आधी बांगडीएवढं, मग बटणाएवढं. ते बटणाएवढं असतानाच काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ दोघांनाही कळला. मग रोज दुपारी चार वाजता, खिडकीतून काकूंच्या अंगावर ऊन आलं की, सर कॉटजवळ स्टूल ओढून बसायचे आणि काकूंना काढायचे. कागद नाकाला लागेल इतका जवळ धरून. मी अधूनमधून फळं घेऊन जायचो. काकू काही खात नसत, फळं मीच खायचो. एकदा काकूंनी चित्र मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, पाच नाकं काढलीत मला. एकातून तरी धड श्वास येऊ द्या." सर हसले. काकूही हसायला गेल्या, पण ते मध्येच राहिलं आणि त्यांनी कूस बदलली. सरांनी सहावं नाक काढायला घेतलं.

काकू उन्हाळ्याच्या तोंडाशी गेल्या. महिन्याभरात सरांचं ते बटणही बंद झालं.

शाळेने ती चित्रं चित्रकलेच्या हॉलमध्ये लावायचं ठरवलं आणि माउंट करायचं काम मी मागून घेतलं. दुकानात गठ्ठा सोडला. प्रत्येक कागदावर रेषांची जाळी. चार खांदे, तीन हनुवट्या, सगळीकडे हात. मला वाटलं, बिचाऱ्या सरांना दिसत नव्हतं. लोक हसतील. छत्तीस वर्षांची अब्रू एका भिंतीवर जाईल. मी सरांचाच डबा उघडला, पण त्यातले खोडरबर दगड झाले होते; म्हणून शेजारच्या दुकानातून नवा आणला. पाचातलं एक चांगलं नाक ठेवायचं, चार काढायची. एक खांदा ठेवायचा. फार मन लावून केलं मी. चेहरे साफ करायचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला आहे?

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन गेलो, माउंट करण्याआधी सरांनी एकदा हात लावावा म्हणून. सरांनी वरच्या कागदावर अंगठा फिरवला, थांबले, परत फिरवला.

"कागदाची लव उठलीय," ते म्हणाले. "काय केलंस?"

सांगितलं. तुमच्यासाठीच केलं, हेही सांगितलं. सर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला दिसत होतं रे," ते म्हणाले. "थोडं दिसत होतं, पण नीट दिसत होतं. ती हलायची. कळ आली की कूस बदलायची, मान फिरवायची. ती हलली की मी दुसरी रेष काढायचो. दुपारभर किती वेळा हलली ते सगळं होतं त्यात." मग कागद मांडीवर सरळ केला. "तू तिला निजवलीस, पुसट्या. अशी न हलता ती एकाच दिवशी पडली होती. त्या दिवशी मी चित्र काढलं नाही."

मी खिडकीबाहेर पाहत बसलो. चार वाजून गेले होते आणि रिकाम्या कॉटवर ऊन आलं होतं.

हॉलमध्ये आठच चित्रं लागली. कुणी हसलं नाही. एक मुलगी सहा नाकांच्या काकूंसमोर फार वेळ उभी होती, तिने डोकं एकदा इकडे कलवलं, एकदा तिकडे, आणि जवळच्या मैत्रिणीला म्हणाली, "यांना खूप दुखतंय." ते मी सरांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी मला दोनदा चहा विचारला.

ती अकरा चित्रं सरांच्या उशाशी असतात. मी गेलो की त्यांतलं एखादं त्यांच्या मांडीवर असतं आणि त्यांचा अंगठा पुसलेल्या जागेवरून हळूहळू जात असतो. कुठे कुठे शिसपेन्सिल दाबली गेली होती, तिथे बारीक चर उरले आहेत. गेल्या आठवड्यात मी धीर केला. म्हटलं, सर, उजेड तिरपा धरला की मला खुणा दिसतात. काळजीपूर्वक गिरवल्या तर काकू परत काढता येतील मला.

सरांनी अंगठा उचलला नाही.

"इंटरमिजिएटला तुला सी दिला म्हणून मी त्या परीक्षकाच्या दारात जाऊन भांडलो होतो," ते म्हणाले. "शहाणा माणूस होता तो."