गणपतीपुढं लागलेली सीडी

शकीलभाई गेले आणि सकाळपासून गावच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा पूर आलाय.

यातल्या अर्ध्या लोकांनी त्यांची कॉलर धरलेली मी पाहिलीय.

बाभुळगावात व्हीसीडी प्लेअर पहिल्यांदा त्यांनीच विकायला आणले. कापसाला भाव नव्हता ते दिवस. बाकीचे दुकानदार माश्या मारत बसायचे, प्लेअर मात्र धडाधड खपायचे.

जो तो म्हणायचा, भजनासाठी घेतोय.

शकीलभाई हसायचे. "भजनाले टेप हाये ना बे घरी! कायले नेऊन राह्यले, मले समजत नाही? मशीन विकतो मी. पण तसली सीडी माह्या दुकानात ठेवणार नाही. पोरीबाळी येतात इथं."

तसल्या सीड्या स्टँडजवळच्या दुकानात मिळायच्या. देवाच्या पिक्चरच्या कव्हरमध्ये घालून, म्हणजे घरी राजरोस ठेवता यायच्या.

माझे काकाही ठेवायचे. ऑफिसात साहेब, कपाळाला गंध, वर गणेश मंडळाचे अध्यक्ष.

एका वर्षी गणपतीत आरतीनंतर शकीलभाईंनी मंडपात टीव्ही लावला. काकांनी घरून देवाचा पिक्चर आणून दिला. घाईत भलतंच कव्हर उचललं होतं.

सतरंजीवर बायका, लेकरं, म्हातारी माणसं.

शकीलभाईंनी वायर उपटली, तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं.

"यानंच लावली! याच्याच दुकानातली हाये!" काका ओरडले.

मी म्हटलं, "काका, सीडी तर तुम्हीच दिली ना."

कानाखाली बसली. ऐकलं सगळ्यांनी, मानलं कोणीच नाही. शकीलभाईंना मारलं, दुकान फोडलं. मारणाऱ्यांत स्टँडजवळच्या दुकानाचे पर्मनंट गिऱ्हाईक होते. थू!

त्या दुकानदाराचं आज मोबाईलचं मोठं शोरूम आहे. सीडी गेली तर मेमरी कार्डात तेच भरून देत वर चढला.

शकीलभाई गाव सोडून बोरी अरबला मेहुण्याकडे पंखे दुरुस्त करत राहिले. तिथं मी विचारलं, "तुम्ही काकांचं नाव काहून नाही घेतलं?"

"तुही काकू समोरच बसेल होती, बेटा. कव्हर पाह्यलं अन् तिनं मान खाली घातली. मी नाव घेतलं असतं, तर त्या बाईनं कुठी तोंड दाखवलं असतं?"

काकू मागच्या वर्षी गेली. आता झाकायचं कोणासाठी?

आज ग्रुपवर पहिली पोस्ट काकांचीच आहे. 'सज्जन माणूस हरपला.'

हो काका, हरपला. म्हणून सगळ्या गावाला सांगतो, ती सीडी आमच्या घरातली होती.

शकीलभाई, तुमच्या दुकानातली नव्हती. शेवटचा सलाम.