वहिनी बसल्या की लागणारा दिवा

आपल्या पाठीमागे काय चालले आहे याची आमच्या घरमालकांच्या मधल्या चिरंजिवांइतकी काळजी वाहणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. चारचौघांना ही काळजी असते ती लोक मागे काय बोलतात याची. लोक बोलत होतेच, आणि भरपूर बोलत होते, पण ते यांच्या गावीही नव्हते. यांना घोर होता तो एकच, मोटरसायकलचा मागचा लाल दिवा लागला आहे की नाही. सत्तर सालानंतरची चार-पाच वर्षे मी वऱ्हाडातल्याच मालेगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि एका जैन कापड दुकानदाराच्या घरी अंगणापलीकडची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. दुकानदारांना सारे गाव बाबूजी म्हणे आणि त्यांच्या या मधल्या मुलाला भाऊ. खेड्यांतले आठवडी बाजार भाऊंकडे होते. कापडाचे गठ्ठे बांधून ते एका आठवड्याला केनवडला, दुसऱ्याला रिसोडला जात, ते एका जुन्या विलायती फटफटीवर. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली ती गाडी भाऊंच्या हाती आली तेव्हा तिचे अर्धे आयुष्य सरले होते, आणि उरलेले अर्धे भाऊंनी तिच्या दुरुस्तीत घालवले.

गाडीशी वागण्याची त्यांची रीतच निराळी होती. घरात पाणी गाळून पिण्याचा नेम. भाऊ पेट्रोलही दुकानातल्या कोऱ्या मलमलीतून गाळून टाकीत ओतत. निघण्याआधी खाली वाकून दोन्ही चाकांखाली मुंगी तर नाही ना हे बघत, आणि असली तर तिला पोस्टकार्डावर घेऊन भिंतीकडे सोडून येत. संध्याकाळचे किडे पुढच्या दिव्याच्या तापल्या काचेवर आपटून मरतात म्हणून त्यांनी त्या दिव्याला मलमलीचे टोपडे शिवून घातले होते. त्या टोपड्यातून जो काही उजेड पडे, त्यात समोर म्हैस आहे की नुसताच अंधार आहे हे कळायला म्हशीनेच आवाज द्यावा लागे. मी एकदा भीत भीत तसे सांगितले, तर म्हणाले, "समोर पाह्यले मी हाय ना, मास्तर. मागून येनाऱ्यानं काय पाह्यावं?" पोळ्याला गावभर बैलांची शिंगे रंगत. दुकानदाराकडे बैल कुठले? पण त्या दिवशी आपली गाडी उघडीबोडकी उभी राहावी हे भाऊंना बघवत नसे. दर पोळ्याला ते तिला हिरव्या ऑइलपेंटचा एक हात देत, हँडलला गोंडे बांधत आणि सीटवर पुरणपोळी ठेवून पाच मिनिटे पाठ फिरवून उभे राहत. गल्लीतल्या कुत्र्याला ही वेळ बरोबर ठाऊक होती, त्यामुळे नैवेद्य पोचला याबद्दल भाऊंना कधी शंका आली नाही.

मूळचा मागचा दिवा केव्हाच निखळून पडला होता. त्या जागी त्यांनी अकोल्याहून ट्रकला लावतात तसला वाटीएवढा दिवा आणला आणि स्वतःच्या हाताने मडगार्डवर बसवला. तो लागेना. भाऊंनी बल्ब बदलला, तार बदलली, बॅटरी बदलली, एकदा तर मुहूर्तही बदलला. लागला तरी भर उन्हात दिसायचा कसा, म्हणून ते दुपारी अंगणात गाडीच्या मागच्या अंगावर घोंगडे टाकत आणि त्यात डोके खुपसून तासन् तास बसत. बाहेर फक्त धोतर आणि दोन पाय. गिऱ्हाईक विचारी, "भाऊ कुठी हायेत?" बाबूजी गादीवरून न बघताच सांगत, "फटफटीत गेले." नाक्यावरच्या हवालदाराने दोनदा समज दिली होती, आणि त्याहून मोठी भीती बाबूजींना रस्त्यावरच्या ट्रकांची होती. "दिवा लागत नाही तं बाजाराले जाऊ नोको," असे ते रोज बजावत.

हा दिवा पहिल्यांदा लागला तो वहिनींमुळे. वहिनी म्हणजे भाऊंची बायको, रिसोडची माहेरवाशीण. भावाच्या लग्नाला निघाल्या, एसटी चुकली, म्हणून नाइलाजाने फटफटीवर एका अंगाने बसल्या. दिवेलागणीची वेळ होती आणि त्यांना नाक्यापर्यंत पोचवायला मी सायकलवर मागे होतो. दिवा झकास लागलेला पाहून मी ओरडलो. भाऊंनी करकचून ब्रेक दाबला, दोघे उतरून मागे आले, तर दिवा बंद. वहिनी बसल्या, लागला. उतरल्या, गेला. भाऊ आनंदाने रस्त्यातच नाचायचे बाकी राहिले. वहिनी मात्र म्हणाल्या, "मले कवा दिसन पन तो?" आणि खरेच होते, त्या बसल्या की दिवा त्यांच्या पाठीमागे.

भाऊंनी घरी जाहीर केले, की यापुढे बाजाराला वहिनी बरोबर येतील. त्या घरच्या सुना घर आणि मंदिर यापलीकडे पाऊल टाकत नसत, त्यात बाजारपेठेतून फटफटीवर! बाबूजींनी आधी मुनीमजींना मागे बसवून पाहिले. दिवा लागला नाही. "बाईसारखे एका अंगानं बसा," बाबूजी म्हणाले. मुनीमजींनी हिशेबाची वही खाली ठेवली आणि तीन दिवस दुकानात आले नाहीत. शेवटी बाबूजी हरले. मग दर बाजारच्या दिवशी दुपारी वहिनी डबा घेऊन मागे बसत. सूर्य बुडाल्यावर या घरात कोणी अन्नपाणी घेत नसे, म्हणून परतताना दिवस असतानाच दोघे कुठल्यातरी विहिरीवर थांबून जेवत आणि मग सावकाश घरी येत. आठवड्यात एवढा एकच दिवस वहिनींचा स्वतःचा होता. त्या दिवशी सकाळपासून त्यांचे गुणगुणणे माझ्या खोलीपर्यंत ऐकू येई.

हे सगळे मला दिसत होते, तरी माझ्यातल्या विज्ञानाच्या मास्तराला झोप येत नव्हती. बाईमाणूस बसल्याने दिवा लागतो म्हणजे काय! एका रविवारी दिवेलागणीला शाळेतून एक बल्ब आणि दोन हात तार आणून मी गाडीला भिडलो. कारण घटकाभरात सापडले. दिव्याला तार एकच येते. वीज परत जाते ती गाडीच्या लोखंडातून. दिव्याची पट्टी मडगार्डाला टेकते तिथे लोखंडाला लोखंड भिडायला हवे, आणि भाऊ इतके नेमाचे, की पोळ्याला दिवा काढून त्याखालीही रंग देत. तिथे हिरवा थर चढत चढत भाकरीएवढा झाला होता. वहिनी एका अंगाने बसल्या की मडगार्ड कलून पट्टीचा स्क्रू कॅरिअरच्या उघड्या लोखंडाला लागे. मी पात्याने रंग खरवडला, स्क्रू आवळला आणि दिवा लागला. मी आर्किमिडीजच्या थाटात अख्ख्या घराला अंगणात बोलावले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. तो दिवा त्यांनी पहिल्यांदा पाहिला. क्षणभर हसल्या, मग गाडीवरच्या रिकाम्या सीटकडे पाहिले आणि पदर सावरून आत गेल्या. बाबूजी म्हणाले, "चला, सुटला पेच." भाऊंनी माझे आभार मानले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

पुढच्या बाजाराला भाऊ एकटेच गेले. दिवस मावळल्यावर परतले तेव्हा डबा जसाच्या तसा होता. "एकट्यानं घास उतरला नाही," म्हणाले, आणि आता जेवता येत नव्हते, म्हणून उपाशीच निजले. त्या घरात त्या आठवड्यात कोणी भांडले नाही की रडले नाही, नुसते गुणगुणणे बंद झाले. मला माझ्या अकलेची अशी लाज कधी वाटली नव्हती.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दुपारी भाऊ दुकानात असताना मी अडगळीतला हिरव्या रंगाचा डबा शोधला, पट्टी सोडवली, तिच्याखाली चांगले जाड दोन हात मारले आणि ती पहिल्यासारखी सैल बसवली. आयुष्यभर मुलांना वस्तू चालते कशी ते शिकवले. चालती वस्तू मुद्दाम बिघडवण्याची माझी ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी भाऊंनी गाडी सुरू केली, सवयीने मागे घोंगडे टाकून डोके खुपसले, बाहेर काढले, पट्टीच्या कडेचा ताजा रंग बघितला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"काहून हो मास्तर, तुमचं शास्त्र फेल झालं?"

"जुन्या गाडीपुढे शास्त्राचं चालत नाही, भाऊ," मी म्हणालो.

"बाबूजी!" भाऊ ओरडले. "दिवा बंद पडला!" बिघाडाची बातमी इतक्या आनंदाने दिलेली मी पुन्हा कधी ऐकली नाही. आणि वहिनींचा डबा तर पाच मिनिटांत तयार. आजही त्या ऐन दुपारी निघालेले ते दोघे आठवले, की त्यांना पुन्हा एकदा तसेच जाताना बघावेसे वाटते.

बाबूजी ओट्यावर उभे होते. फटफटीचा आवाज केनवडच्या वाटेला विरून गेला. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "बोटाले हिरवा रंग लागला हाय, मास्तर. घासलेटनं पुसून घ्या." मी हात मागे लपवला. ते आत जायला वळले, उंबऱ्यापाशी थांबले. 

"भाऊची माय जाऊन नऊ वर्सं झाली," ते म्हणाले. "तिले मी केनवडबी दाखोलं नाही."