हार सुकेपर्यंत

सावली गावातल्या एका राइस मिलमध्ये माझे बाबा बावीस वर्षं धान सोलायचं मशीन, हलर, चालवत होते. दसऱ्यानंतर सातव्या दिवशी, भर दुपारी, त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला आणि त्यामागोमाग ते. मिलने वरच्या कचेरीला जो कागद पाठवला, त्यात कारण एका ओळीत होतं: ‘कामगाराने पट्ट्यावरील लोखंडी जाळी स्वतः काढल्यामुळे.’ तेरवीनंतर चौकशीला त्या कचेरीतले, कारखाने तपासणारे साहेब येणार होते. ती ओळ पुसली जावी, एवढंच मला त्यांच्याकडून हवं होतं.

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. दुःखात काय करायचं ते मला पुस्तकाशिवाय सुचत नाही, म्हणून त्या तेरा दिवसांत मी कारखान्यांचा कायदा वाचून काढला. फार मायाळू पुस्तक आहे. त्यात कामगाराला हातपाय धुवायला जागा आहे, उभ्यानं राबणाऱ्याला बसायला बाक आहे, मलमपट्टीची पेटी आहे, बायांच्या लेकरांना पाळणाघर आहे. आमच्या मिलनेही यातलं काही नाकारलं नव्हतं. बाक होता, तो मालकांच्या घरी पडवीत असायचा आणि तपासणीच्या दिवशी सकाळी छोट्या टेम्पोतून मिलमध्ये यायचा. पेटी होती, कुलूपबंद. किल्ली मालकांच्या मोटरसायकलच्या किल्ल्यांत. मालक चंद्रपूरला गेले असतील त्या दिवशी कोणाला लागायचं नाही, असा शिरस्ता होता. पाळणाघर लागू व्हायला जितक्या बाया लागतात, त्याहून एक बाई कमीच हजेरीपटावर असायची, वर्षानुवर्षं. आणि कायद्याचा गोषवारा भिंतीवर टांगलेला होता, धानाच्या पोत्यांच्या थप्पीमागे. थप्पी हलली की उन्हाळ्यात काही दिवस कायदा दिसायचा.

पुस्तकाच्या शेवटी शिक्षा होत्या. मालकाला कैद आणि दंड. पुढे कामगारालाही दंड, जाळीसारख्या वस्तूशी छेडछाड केली तर. मेलेल्या माणसाकडून तो कसा वसूल करतात, हे मात्र दिलेलं नव्हतं.

जाळी निघाली होती हे खरं. दसऱ्याला मिलमध्ये मशीनची पूजा होते. त्या दिवशी पट्ट्यावरची जाळी काढतात, पुलीला हळदकुंकू लावतात, वर झेंडूचा हार बांधतात. मशीन म्हणजे लक्ष्मी. तिचं तोंड हार सुकून आपोआप गळेपर्यंत झाकायचं नाही, अशी इथली रीत. हार ताजा असला तर आठ-दहा दिवस जातात. तेवढे दिवस पट्टा उघडाच फिरतो. बाबांनाही ती रीत मनापासून पटायची. लक्ष्मीला बुरखा शोभत नाई, असं ते जेवताना म्हणायचे, आणि मी, शिकलेली मुलगी, पानात बघून हसायची.

चौकशी मिलच्या ऑफिसात झाली. मालकांनी आपला कागद वाचून दाखवला आणि मग स्वतःहून एक जाड फाइल साहेबांपुढे सरकवली. वर सुंदर अक्षरात ‘कामगार कल्याण’. आपण माणसांना घरच्यासारखं कसं वागवतो, ते त्यात होतं: दिवाळीचे मिठाईचे डबे, दिलेल्या चादरी, आणि त्याच दसऱ्याच्या पूजेचा एक मोठा रंगीत फोटो. साहेब पानं उलटत होते. फोटोवर थांबले.

कोपऱ्यात मिल झाडणारी म्हातारी बसली होती. तिलाही साक्षीला बोलावलं होतं. साहेबांनी तिला विचारलं, जाळी कधी काढली होती? तिला त्यात लपवण्यासारखं काही दिसलंच नाही.

“पूजेलेच काढली ना साहेब. दरसाल काढतो. मालकीनबाईच सांगते, हार गळेपर्यंत लावाची नाई म्हणून.”

“बाई, तुले जेवढं विचारलं तेवढंच सांग,” मालक म्हणाले.

“तेवढंच तं सांगून राह्यली, भाऊ.”

मालकांनी फोटोवर बोट ठेवलं. मागच्या बाजूला माझे बाबा उभे होते, धुतलेला सदरा, दोन्ही हातांत ती जाळी, आरतीचं ताट धरावं तशी.

“हे पाहा, जाळी त्याच्याच हातात आहे.”

साहेबांनी चष्मा पुसला. “आणि नारळ कोणाच्या हातात आहे?”

नारळ मालकांच्या हातात होता. पुढे, मधोमध, उघड्या पट्ट्यासमोर ते हसत होते. मग मालकांनी चहा मागवला. साहेबांनी तो घेतला नाही.

अहवालातून ती ओळ गेली. तिच्या जागी लिहिलं आहे, की जाळी मालकाच्या समक्ष काढली आणि पुन्हा बसवून घेतली नाही. खटला उभा राहिला आहे. मालक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून येतात, मला नमस्कार करतात आणि आईची तब्येत विचारतात. यंदा दसऱ्याला त्यांनी हार जाळीवरच बांधला, असं म्हातारीनं मला सांगितलं. लक्ष्मीनं त्याबद्दल काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

बाबांचा मिलमधला दुसरा फोटो नाही. मी मालकांकडे पूजेच्या फोटोची प्रत मागितली, तेव्हा तो आता पुरावा आहे, देता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते कायद्याला धरून बोलत होते. म्हणून मी प्रत्येक तारखेला जाते, मागच्या बाकावर बसते. वकील फाइल उघडतात तेव्हा मान उंच करून पाहते, ते पान येतं का.