नव्या पेडलची उंची

द्राक्षबागेतल्या आमच्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं क्लचचं पेडल मोडलं. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलंय, त्यामुळे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि मी ट्रॅक्टर ओढून सलीमभाईंच्या वर्कशॉपपुढे आणला.

सलीमभाईंनी आधी मोडके तुकडेच वेल्डिंगचे दोन-तीन टाके मारून जोडले. मला वाटलं, झालं काम. ते म्हणाले, "हा नुसता नमुना. मोडलेलं जुळवल्याशिवाय नवं कशावरून करू?" मग त्यांनी लोखंडी पट्टी कापली, तापवून वाकवली आणि वेल्डिंग करून नवं पेडल बसवलं.

अण्णांनी सीटवर बसून ते दाबून पाहिलं. "सलीम, उंच झालंय रे."

"उंच नाही, अण्णा. जुनं तुमच्या पायानं दाबून दाबून खाली वाकलं होतं. आकार त्याचा घेतला, पण उंचीचं माप पलीकडच्या, न वाकलेल्या ब्रेकच्या पेडलवरून घेतलं. नवं असताना हे इथंच असणार."

वस्तू रोज जराजरा वाकते, तिच्याबरोबर आपणही वाकतो, आणि त्यालाच सरळ समजतो. आमचं मागचं दार उचलून लावावं लागतं, हे पाहुणा अडला की मगच आठवतं. मूळची उंची दाखवणारं कुणीतरी भेटावं लागतं. आम्हाला भेटलं.

इंजिन बंदच होतं. अण्णांनी पेडल पुन्हा दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"हो रे," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाग लावली तेव्हा एवढाच पाय उचलावा लागायचा. तुझी आई इथं मडगार्डवर बसायची."